बटू दीर्घिकांमधली कृष्णविवरं : दिसणं सोपं, पटणं कठीण

प्रश्न सिंधुदुर्गातल्या एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या सरांचा आहे. थोडक्यात असा : "तृतीय वर्षाच्या काही मुलांना 'छोट्या दीर्घिकांमधली मोठी कृष्णविवरं' हा विषय प्रकल्पासाठी घ्यायचा आहे. आमच्याकडे सहा इंची दुर्बीण आहे, पण आगोट लागली की आकाशाचं दर्शन थेट नवरात्रात. मुळात दीर्घिका छोटी, तर तिच्यात मोठं कृष्णविवर शोधायचं कशाला? शोधतात कसं? आणि यातलं आमच्या मुलांना खरोखर काही करता येईल, की नुसती माहिती जमवून फाइल सजवायची?"

सर, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, म्हणजे मुलं पुढचं वाचतील. करता येईल, आणि पावसाळ्यातच करता येईल. माझं स्वतःचं बरंचसं काम दुसऱ्यांच्या दुर्बिणींनी घेतलेल्या आणि सगळ्यांना खुल्या असलेल्या वर्णपटांवर (प्रकाश रंगांत फोडून घेतलेल्या नोंदींवर) झालंय. लागतो तो साधा लॅपटॉप, अधूनमधून टिकणारं नेट आणि चिकाटी. वीज गेली तरी उतरवून घेतलेले वर्णपट कुठे पळून जात नाहीत.

आता 'मोठं' म्हणजे किती ते ठरवू. आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातलं कृष्णविवर सुमारे ४३ लाख सूर्यांइतकं आहे. एम८७ या राक्षसी दीर्घिकेतलं सुमारे ६५० कोटी सूर्यांचं. आपण ज्यांच्या मागे आहोत ती त्या मानाने लहानखुरी : काही हजारांपासून काही लाख सूर्यांपर्यंतची. पण एखादा तारा मरून होणाऱ्या, पाच-पन्नास सूर्यांच्या कृष्णविवरापुढे तीसुद्धा प्रचंडच. आणि 'छोटी' किंवा बटू दीर्घिका म्हणजे जिच्यातल्या सगळ्या ताऱ्यांचं मिळून वजन ३०० कोटी सूर्यांच्या आत आहे ती. साधारण आपल्या शेजारच्या मोठ्या मॅजेलन मेघ या दीर्घिकेएवढी.

शोधायचं कशाला, हा प्रश्न खरा मोलाचा आहे. २०१७ मध्ये एक क्वासार (भरपूर वायू गिळणाऱ्या कृष्णविवरामुळे झळाळणारं दूरच्या दीर्घिकेचं केंद्र) सापडला. त्यातलं कृष्णविवर सुमारे ८० कोटी सूर्यांचं, आणि तेव्हा विश्वाचं वय होतं जेमतेम ६९ कोटी वर्षं. कृष्णविवर हवं तेवढं भराभर खाऊ शकत नाही. आत पडणारा वायू तापून इतका प्रकाश फेकतो की तो प्रकाशच मागून येणाऱ्या वायूला बाहेर ढकलायला लागतो. या मर्यादेत राहून वजन दुप्पट व्हायला साधारण साडेतीन कोटी वर्षं लागतात. मुलांना हे गणित फळ्यावर करू द्या. पहिल्या पिढीच्या ताऱ्यातून उरलेल्या १०० सूर्यांच्या कृष्णविवरापासून निघालो, तर ८० कोटींवर पोचायला २३ वेळा दुप्पट व्हावं लागतं. म्हणजे ८० कोटी वर्षं, तीही ताटावरून एकदाही न उठता. हिशेब जमत नाही. मग एक तर मर्यादा मोडून खाल्लं, नाहीतर सुरुवातच मोठ्या बीजापासून झाली : वायूचा अख्खा ढग तारे न बनवता थेट कोसळला आणि दहा हजार ते लाखभर सूर्यांचं कृष्णविवर एका दमात तयार झालं.

कोणतं खरं, ते मोठ्या दीर्घिकांना विचारून उपयोग नाही. त्यांनी इतक्या दीर्घिका गिळल्या आणि त्यांची कृष्णविवरं इतकी फुगली, की मूळ बीज किती होतं याचा मागमूस उरला नाही. बटू दीर्घिका त्या मानाने एकलकोंड्या. त्यांची कृष्णविवरं फारशी वाढलेली नाहीत, म्हणून जन्माच्या वेळचं थोडंफार तिथे शिल्लक असावं. हलक्या बीजांचा सिद्धांत बरोबर असेल तर बहुतेक बटू दीर्घिकांमध्ये काहीतरी सापडायला हवं. जड बीजं मात्र क्वचितच तयार होतात, त्यामुळे जड बीजांचा सिद्धांत बरोबर असेल तर बऱ्याचशा रिकाम्या निघतील. प्रत्यक्षातली मॉडेलं इतकी सरळ नाहीत, पण प्रश्नाचा गाभा हाच : शंभर बटू दीर्घिकांपैकी किती जणींकडे कृष्णविवर आहे? एखादं सापडणं ही बातमी होते. शास्त्राला हवं आहे ते प्रमाण.

रिकामी दीर्घिका असू शकते, हेही ध्यानात ठेवा. त्रिकोण तारकासमूहातली एम३३ ही काही अगदी बटू नाही, जवळही आहे, आणि तरी २००१ च्या मोजणीनुसार तिच्या केंद्रात १५०० सूर्यांहून जड कृष्णविवर असूच शकत नाही.

शोधतात कसं? सगळ्यात भरवशाची पद्धत म्हणजे केंद्राजवळच्या ताऱ्यांचा वेग मोजणं. गाडं इथेच अडतं. एक लाख सूर्यांचं कृष्णविवर घ्या आणि दीर्घिकेतले तारे सेकंदाला ३० किलोमीटरच्या आसपास फिरतायत असं धरा. त्या कृष्णविवराचा वचक जेमतेम दीड प्रकाशवर्षापर्यंत चालतो. दीर्घिका ३ कोटी प्रकाशवर्षं दूर असेल तर हे दीड प्रकाशवर्ष आकाशात एका विकलेच्या (अंशाच्या ३६०० व्या भागाच्या) शंभराव्या भागाएवढं दिसतं. हबल अवकाश दुर्बिणीलाही एवढं बारीक दिसत नाही. म्हणजे ही पद्धत अगदी शेजारपाजारच्या दीर्घिकांपुरती.

उरलेल्यांसाठी आपण फक्त खाणारी कृष्णविवरं शोधू शकतो. जे उपाशी बसलंय ते असून नसल्यासारखं. आजच्या प्रत्येक यादीला ही मेख आहे, आणि बातम्यांमध्ये ती हटकून गळते.

खाणाऱ्याची ओळख वर्णपटात पटते. इथे मुलांना जरा थांबवा, कारण प्रकल्प याच्यावरच उभा राहणार आहे. चार रेषा, म्हणजे ठरावीक रंगांना वायूने दिलेली चमक, हव्यात : हायड्रोजनच्या एच-बीटा ४८६१ आणि एच-अल्फा ६५६३ अँगस्ट्रॉमवर (हे तरंगलांबीचं एकक), ऑक्सिजनची ५००७ वर, नायट्रोजनची ६५८४ वर. ऑक्सिजन भागिले एच-बीटा, आणि नायट्रोजन भागिले एच-अल्फा, अशी दोन गुणोत्तरं काढायची. जोड्या अशाच का? प्रत्येक जोडीतल्या दोन रेषा जवळजवळच्या रंगाच्या आहेत. वाटेतल्या धुळीने प्रकाश खाल्ला तरी दोन्हींचा सारखाच खाल्ला जातो, आणि गुणोत्तर तसंच राहतं. बाल्डविन, फिलिप्स आणि टर्लेविच यांनी १९८१ मध्ये ही युक्ती काढली. आजही सगळे तीच वापरतात.

तरुण, तापलेले तारे वायूला एका पद्धतीने चेतवतात. कृष्णविवराभोवती फिरणाऱ्या तापल्या वायूच्या तबकडीतला प्रकाश जास्त ऊर्जेचा, म्हणून तो वेगळ्या पद्धतीने. दोन्ही गुणोत्तरांचे लॉगॅरिदम घेऊन आलेख काढला की ही दोन कुळं वेगळी पडतात. नायट्रोजनवालं एक्स आणि ऑक्सिजनवालं वाय धरलं, तर वाय = ०.६१ ÷ (एक्स − ०.४७) + १.१९ ही सीमारेषा. तिच्या वरचे बिंदू नुसत्या ताऱ्यांनी समजावता येत नाहीत.

समजा, एका दीर्घिकेत ऑक्सिजन एच-बीटाच्या ५ पट आहे आणि नायट्रोजन एच-अल्फाच्या ०.४ पट. वाय आला ०.७०, एक्स −०.४०. त्या एक्सला सीमा येते ०.४९ वर. आपला बिंदू वर आहे, संशयित पक्का. आता बाकी सगळं तसंच ठेवून नायट्रोजन ०.०५ पट करा. एक्स झाला −१.३०, सीमा चढली ०.८४ वर, आणि तोच ०.७० चा बिंदू ताऱ्यांच्या बाजूला जाऊन पडला. हा नुसता आकड्यांचा खेळ नाही. बटू दीर्घिकांमध्ये जड मूलद्रव्यं खरोखरच कमी असतात, म्हणून नायट्रोजनची रेषा मुळातच फिकी. म्हणजे ज्या दीर्घिकांवर आपला डोळा आहे, त्यांच्यातच ही चाळणी गळते. सगळ्यात लहान आणि सगळ्यात जुन्या वळणाच्या दीर्घिका या आलेखात निर्दोष सुटतात. अशा वेळी आयनीभूत हीलियमची ४६८६ ची रेषा किंवा अतिआयनीभूत लोखंडाची ६३७४ ची रेषा सापडली तर सोनं समजा. त्या पेटवायला लागणारी ऊर्जा साध्या ताऱ्यांच्या आवाक्यातली नसते.

दुसरी खूण म्हणजे एच-अल्फाचा पसरट पाया. कृष्णविवराला अगदी खेटून फिरणारा वायू सेकंदाला हजारभर किलोमीटरने धावतो आणि त्यामुळे रेषा दोन्हीकडे फाकते. त्या पसरटपणावरून आणि तेजावरून वजनाचा अंदाजही निघतो. पण हिशेब करून पाहा : सेकंदाला १००० किलोमीटर म्हणजे एच-अल्फापाशी २२ अँगस्ट्रॉम. आणि नायट्रोजनची रेषा बसलीय २१ अँगस्ट्रॉमवर, तिची जुळी दुसऱ्या अंगाला ६५४८ वर. तीन रेषांचे पायथे एकमेकांत मिसळले की नवख्या डोळ्याला तिथे पसरट पाया असल्याचा भास होतो. यावर आमचा धंद्यातला उपाय असा : थोडं पुढे, ६७१६ आणि ६७३१ वर गंधकाची जोडी असते. तिचा आकार जसाच्या तसा उचलायचा, त्याच साच्यात नायट्रोजन आणि अरुंद एच-अल्फा बसवायचे, आणि त्यानंतरही खाली काही उरलं तरच पसरट म्हणायचं. संगणक कुठल्याही खड्ड्यात वक्र बसवून देतो. साच्याशिवाय बसवलेल्या वक्रावर मी विश्वास ठेवत नाही.

उरलेलं खरं असलं तरी काम संपलं नाही. अतिनवताऱ्याचा, म्हणजे मरणाऱ्या जड ताऱ्याचा, स्फोटही असाच पसरट एच-अल्फा देतो, आणि तारे धडाधड जन्मणाऱ्या बटू दीर्घिकेत असे स्फोट काही नवलाचे नाहीत. काही वर्षांनी पुन्हा वर्णपट घ्यायचा. पाया विरला असेल तर स्फोट होता. टिकला असेल तर आशा धरायची. ताऱ्यांसारखी रेषा-गुणोत्तरं असलेल्या बऱ्याच संशयितांचा पाया असाच विरून गेला.

हे सगळं मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा केलं एमी राइन्स आणि सहकाऱ्यांनी, २०१३ मध्ये. स्लोन डिजिटल स्काय सर्व्हेच्या सुमारे २५,००० बटू दीर्घिका चाळून रेषांच्या गुणोत्तरावर १३६ निघाल्या (यातल्या बऱ्याच सीमेच्या जरा खालच्या, मिश्र), पसरट रेषेवरून आणखी काही, एकूण १५१. पसरट रेषावाल्यांची वजनं साधारण एक लाख ते दहा लाख सूर्यांमधली. दोन वर्षांनी त्यांच्यापैकीच एकीत, आरजीजी ११८ मध्ये, फक्त ५० हजार सूर्यांचं कृष्णविवर असल्याचं विवियन बाल्डासारे आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. २०२५ मध्ये डेसी या नव्या आकाशसर्वेक्षण प्रकल्पाने सुमारे १,१५,००० बटू दीर्घिकांमधून २,५०० संशयित काढले. म्हणजे प्रमाण अर्ध्या टक्क्यावरून दोन टक्क्यांवर. विश्व बदललं नाही, बहुधा फायबर बदललं, म्हणजे दीर्घिकेचा प्रकाश वर्णपटमापकाकडे नेणारी काचेची बारीक तार. स्लोनच्या फायबरचं तोंड ३ विकलांचं. दूरच्या बटू दीर्घिकेत त्यात नऊ-दहा हजार प्रकाशवर्षांचा पट्टा मावतो, म्हणजे जवळपास अख्खं घर. डेसीचं तोंड दीड विकलांचं. जत्रेत शेजारच्याचं बोलणं ऐकायचं तर कान त्याच्या तोंडाशी न्यावा लागतो, तसं हे. डेसीची दुर्बीणही मोठी आहे हे खरं, पण आजूबाजूच्या ताऱ्यांचा गलका कापला गेला याचं महत्त्व मला जास्त वाटतं. म्हणूनच कुणी 'बटू दीर्घिकांमध्ये इतके टक्के कृष्णविवरं' असं सांगितलं, तर आधी विचारावं : कोणत्या उपकरणाने, कोणत्या चाळणीने?

क्ष-किरण आणि रेडिओबद्दल थोडक्यात, कारण मुलांच्या हातात ते कमी येईल. दोन्हीकडे तोतये आहेत. क्ष-किरणांत एखादी तेजस्वी तारकाजोडी कृष्णविवराचं सोंग घेते, रेडिओत अतिनवताऱ्याचा अवशेष. शिवाय मागे कुठेतरी दूर असलेला क्वासार नेमका दीर्घिकेच्या पाठीशी येऊन फसवतो. माझा नियम साधा आहे : दोन वेगळ्या प्रकाशांनी एकाच ठिकाणी बोट दाखवलं तर ऐकायचं, नाहीतर संशयितच म्हणायचं.

हेनिझ २-१० चं प्रकरण याचा नमुना आहे. होकायंत्र तारकासमूहात सुमारे ३ कोटी प्रकाशवर्षांवरची, बेफाम तारे बनवणारी बटू दीर्घिका. २०११ मध्ये राइन्स यांना तिच्यात रेडिओ आणि क्ष-किरणांचा उगम एकाच जागी दिसला, कृष्णविवर जाहीर झालं. पुढे इतरांनी शंका काढली की हा अतिनवताऱ्याचा अवशेष असावा, आणि शंका काही फुसकी नव्हती. २०२२ मध्ये झॅकरी शुट आणि राइन्स यांनी हबलने वर्णपट घेतले, तेव्हा त्या जागेपासून निघालेला, सुमारे २३० प्रकाशवर्षं लांब वायूचा झोत दिसला. त्याचा वेग लयीत डोलतो, आणि तो जिथे जाऊन आदळतो तिथे नवे तारे जन्मताना दिसतात. एका स्फोटाच्या अवशेषाला हे जमण्यातलं नाही. एका दीर्घिकेचा निकाल लागायला अकरा वर्षं. डेसीच्या यादीत अशा अडीच हजार आहेत.

आणखी एक अडचण : बऱ्याच बटू दीर्घिकांना धड केंद्रच नसतं. आकार वेडावाकडा, गुरुत्वाचा खड्डा उथळ. कृष्णविवर मधोमध बसेलच असं नाही. २०२० मध्ये १११ बटू दीर्घिका रेडिओने बारकाईने तपासल्या, तेव्हा १३ जागी भक्कम उमेदवार मिळाले, आणि त्यातले कित्येक केंद्रापासून सरकलेले. फायबर केंद्रावर रोखलेलं असेल तर असे भटके हातचे जातात. अर्थात केंद्रापासून जितकं दूर, तितका पार्श्वभूमीच्या क्वासारचा संशयही बळावतो. दोन्ही बाजूंनी पंचाईत.

तुमची सहा इंची दुर्बीण अगदीच वाया जाऊ नये म्हणून एक सांगते. मोठ्या दीर्घिकांनी ओरबाडलेल्या काही दीर्घिकांचा फक्त गाभा उरतो. एम६०-यूसीडी१ अशीच एक : आता इवलीशी, पण पोटात २ कोटी १० लाख सूर्यांचं कृष्णविवर, तिच्या एकूण वजनाच्या जवळपास १५ टक्के. ती तुम्हाला दिसणार नाही. पण आपल्या आकाशगंगेने ओरबाडलेल्या एका बटू दीर्घिकेचा गाभा बहुतेकांच्या मते नरतुरंग समूहातला ओमेगा सेंटॉरी हा गोलाकार तारकागुच्छ आहे, आणि तो सिंधुदुर्गातून छान दिसतो. चित्रा दक्षिणोत्तर रेषेवर आली की तिच्याखाली सरळ ३६ अंश उतरायचं. एप्रिलअखेरीस रात्री साडेअकराच्या सुमारास, मेच्या मध्यावर साडेदहाला तो क्षितिजापासून साधारण २६ अंश वर असतो. द्विनेत्रीतही कापसाचा गोळा ओळखू येतो. दक्षिणेला माड आडवे येणार नाहीत असा सडा निवडा, आणि समुद्रात एलईडी लावून मासेमारी चाललेली असेल त्या रात्री किनाऱ्यापासून जरा आत सरका.

या गुच्छाच्या अगदी मध्यात सात तारे असे आहेत की त्यांच्या वेगाने ते केव्हाच निसटायला हवे होते. हबलच्या वीसेक वर्षांच्या ५०० हून जास्त छायाचित्रांमधून १४ लाख ताऱ्यांची हालचाल मोजल्यावर २०२४ मध्ये ते सापडले. त्यांना धरून ठेवायला किमान ८,२०० सूर्यांचं काहीतरी आत हवं. एकच कृष्णविवर, की ताऱ्यांच्या छोट्या कृष्णविवरांचा घोळका, यावर अजून वाद आहे. मला स्वतःला एकाचंच पारडं जड वाटतं, कारण ते सातही तारे अगदी इवल्या जागेत दाटलेत.

आता प्रकल्प. स्लोनचा स्कायसर्व्हर हा माहितीसाठा मोफत आहे, एसक्यूएल या संगणकी भाषेत प्रश्न विचारता येतो. ताऱ्यांचं वस्तुमान ३०० कोटी सूर्यांच्या आत, ताम्रसृती (रेषा लाल बाजूला किती सरकल्या त्याचं माप) ०.०५५ पेक्षा कमी, आणि चारही रेषा गोंगाटाच्या किमान तिप्पट ठळक, अशा पाचशे दीर्घिका मागवा. गुणोत्तरं काढा, आलेख मांडा, सीमारेषा ओढा. स्लोनचे वर्णपट निर्वातातल्या तरंगलांबीत असतात. त्यामुळे एच-अल्फा ६५६३ ऐवजी ६५६४.६ वर येते. ते बरोबर आहे, मुलांनी ताम्रसृती बदलत बसू नये.

पाचशेत रेषेच्या वर फार तर एखाद-दुसरीच येईल, आणि ते मुलांना आधीच सांगा. वीस-पंचवीस आले तर आनंद करू नका, वस्तुमानाची अट कुठेतरी निसटली आहे किंवा फिकी रेषा ठळक समजली गेली आहे. आलेल्या प्रत्येकीचा वर्णपट डोळ्यांनी पाहायचाच. गंधकाचा साचा घेऊन पसरट पाया तपासायचा. चित्र उघडून केंद्र कुठे आहे, शेजारी किंवा मागे दुसरं काही आहे का, ते बघायचं. मग ती जागा व्हीएलए दुर्बिणीच्या रेडिओ नकाशात शोधायची. नारायणगावजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने १५० मेगाहर्ट्झवर केलेला आकाशाचा नकाशाही खुला आहे. त्याची नजर जाड आहे, नेमकी जागा तो सांगणार नाही, पण कमी वारंवारतेला काही पेटलंय का एवढं कळतं. उमेदवार आधीच्या याद्यांमध्ये आहे का ते सगळ्यात शेवटी पाहू द्या, आधी नको. नाहीतर मुलं उत्तर बघून गणित सोडवतील.

आणि सीमेच्या जरा खाली, डावीकडे, फिक्या नायट्रोजनच्या ज्या दीर्घिका पडतील, त्यांची वेगळी यादी करायला सांगा. त्यांच्या वर्णपटात ४६८६ पाशी काही उठाव आहे का, ते एकेक करून बघू द्या. बहुतेकींत काही नसेल. एखादीत निघालाच, तर तिथे फार तापलेले वुल्फ-रायेट तारे तर नाहीत ना, हे आधी तपासा : त्यांची रेषा फुगीर असते, कृष्णविवरामुळे पेटलेल्या वायूची अरुंद. तेवढं पार पडलं तर ओळखक्रमांक, चारही रेषांची मापं आणि वर्णपटाचं चित्र मला पाठवा, मी बघते.